कन्फेशनची रांग, ओपीडीची रांग: एका मुलीचं प्रकरण

मुंबईच्या पश्चिम उपनगरातल्या एका चर्चच्या कुटुंब मार्गदर्शन केंद्रात मी समाजकार्यकर्ती आहे. हे प्रकरण तिथे आलेल्या एका मुलीचं, तिला झालेल्या ओसीडी म्हणजे मंत्रचळ या मनाच्या आजाराचं. तिच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून वय, नोकरी, घरचे तपशील थोडे बदलले आहेत. मसुदा तिने वाचला आणि दोन ठिकाणी "असं नव्हतं" म्हणून दुरुस्तही करून दिला. "प्रार्थना करायची की डॉक्टरकडे जायचं" ही कुजबुज आमच्या बऱ्याच घरांत चालते. त्या घरांसाठी इथे कोणी, कधी, काय ठरवलं ते जरा सविस्तर मांडते.

पार्श्वभूमी

गावठाणातलं ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतलंच मूळचं मराठी बोलणारं, कॅथलिक घर. वडील गोदीतून निवृत्त. आई बॉटल मसाला करून विकते. घरात आजी आणि दोन मुली. हे प्रकरण थोरलीचं. तेव्हा ती चोविशीत होती, बी.कॉम. झालेली, अंधेरीला एका कंपनीत अकाउंट्सला. दहावीपासून कॉयरमध्ये, म्हणजे चर्चच्या गायकवृंदात. ऑफिसात हिंदी-इंग्रजी चालतं, पण देवाबद्दल आणि पापाबद्दल ती फक्त आपल्या मराठीतच मोकळेपणी बोलू शकते. ही गोष्ट पुढे उपचाराच्या वेळी फार कामाला आली.

घरात तिचं कौतुक होतं. दृढीकरणाच्या, म्हणजे श्रद्धा पक्की करण्याच्या संस्काराच्या, वर्गात असताना ती धर्मशिक्षणाच्या बाईंना एकच प्रश्न पुन्हापुन्हा विचारायची: "मनात आलं आणि मी लगेच थांबवलं, तरी पाप लागतं का?" बाई कौतुकाने आईला सांगायच्या, पोरगी किती भाविक आहे. त्याच वयात, तेरा-चौदाव्या वर्षी, आजाराची सुरुवात झाली होती हे नंतर सगळी हकिकत लिहून काढताना लक्षात आलं.

त्रास काय होता

मिस्सामध्ये, म्हणजे चर्चच्या मुख्य उपासनेत, फादर पवित्र भाकर (ख्रिस्तप्रसाद) वर उचलतात त्या क्षणी तिच्या डोक्यात एखादी घाण शिवी यायची. तिला नको असलेली, तिच्या तोंडून कधीही न गेलेली. मार्कच्या शुभवर्तमानात (३:२९) पवित्र आत्म्याच्या निंदेला क्षमा नाही असं वचन आहे. आपल्या हातून तेच घडतंय अशी तिची खात्री होत चालली.

मग त्याभोवती एकेक नेम जमत गेला. कम्युनियनच्या, म्हणजे तो ख्रिस्तप्रसाद घेण्याच्या, आधी एक तास काही खायचं नाही, हा चर्चचा साधा नियम. पाणी आणि औषध त्यात चालतं. ही मात्र तीन तास पाणीसुद्धा प्यायची नाही, कारण दात घासताना टूथपेस्टचा कण पोटात गेला असेल तर? तळहातावर कम्युनियन घेतल्यावर शेवटच्या बाकापाशी ट्यूबलाइटखाली जाऊन हात उघडायची. बोटांच्या बेचक्यांत, नखांखाली प्रसादाचा कण राहिलाय का ते बघायची. घरी पोचेपर्यंत तो हात कशालाही लावायची नाही. लोकलच्या गर्दीत डाव्या हाताने दांडी धरायची आणि उजवा छातीशी मुठीत. बायकांना वाटायचं हात मोडलाय, त्या बसायला जागा द्यायच्या. यावर आज ती स्वतः हसते.

रोझरीला, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेला, एरवी वीसेक मिनिटं लागतात. तिला दोन-दोन तास लागायचे. मध्ये मन भरकटलं की तो 'नमो मरिया' बाद, आणि दहा मण्यांचं ते दशक पहिल्यापासून.

आणि कन्फेशन, म्हणजे धर्मगुरूपुढे पापांची कबुली. आधी महिन्याला, मग दर शनिवारी, मग जमेल त्या दिवशी. एकाच फादरांकडे किती वेळा जायचं म्हणून वेगवेगळी चर्चं गाठायला लागली. शनिवारी संध्याकाळी ऑफिस सुटलं की अंधेरीहून आधी वांद्रे, मग उलटी गाडी पकडून मालाड, शेवटी घराजवळचं चर्च. एका ठिकाणी सांगितलेलं नीट सांगितलं नाही असं वाटून तेच दुसऱ्या ठिकाणी. पापांची नोंद फोनमध्ये एक्सेल शीटवर होती. तारीख, काय घडलं, मोठं की लहान, कुठल्या चर्चमध्ये सांगितलं, आणि शेवटचा रकाना 'मुद्दाम केलं का?'. मी ती शीट पाहिली तेव्हा शेवटच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच उत्तर होतं: माहीत नाही.

ऑफिसातून उशिराचा मेमो आला. वजन उतरलं. एका रात्री आईला म्हणाली, "मी नसते तर तुम्ही सगळे सुटला असता."

आधी काय काय करून झालं

आई माहीमला नऊ बुधवार गेली. सप्टेंबरात वांद्र्याच्या मोत मावलीच्या जत्रेत मेणाची मुलीची बाहुली वाहिली. मी या गोष्टींना नावं ठेवत नाही. पुढच्या सगळ्या धावपळीत आई उभी राहिली ती याच बळावर. फक्त त्याने मुलीचा आजार हलला नाही.

गल्लीतल्या डॉक्टरांनी "टेन्शन आहे" म्हणून झोपेची गोळी दिली. ती बरेच महिने चालू राहिली, आणि विचार काही थांबले नाहीत. वडिलांचं म्हणणं, लग्न झालं की सगळं जागेवर येईल. मावशी तिला एका खासगी प्रार्थनागृहात घेऊन गेली. तिथल्या माणसाने डोक्यावर हात दाबून सांगितलं, हिच्यात बाहेरचं आहे. डोक्यातला विचार आपला नाही म्हटल्यावर सुटका वाटेल असा मावशीचा हिशेब होता. झालं उलटंच. आता तिला पापाबरोबर सैतानाचीही धास्ती बसली. कॅथलिक नियमांप्रमाणे सैतान काढण्याचा असा विधी बिशपांनी परवानगी दिलेल्या धर्मगुरूशिवाय कोणी करायचा नसतो, आणि त्याआधी आजार तर नाही ना याची खातरजमा करायची असते. मावशीला हे कोणी सांगितलेलंच नव्हतं.

आईने चर्चच्या महिला मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं: "माझ्या थोरल्या मुलीच्या मानसिक त्रासासाठी प्रार्थना करा." दुसऱ्या दिवशी कॉयरच्या प्रॅक्टिसला सगळे तिच्याशी हळू आवाजात बोलायला लागले. तिने कॉयर सोडला. हा ओरखडा पुढे गोळ्यांनी किंवा थेरपीने भरला नाही.

फादरांपुढचा पेच

या प्रकरणातला मला सर्वात महत्त्वाचा वाटणारा निर्णय इथला आहे.

घरच्या चर्चचे फादर तिला आवाजावरून ओळखत होते. तीच मुलगी, तीच पापं, आठवड्यात तीनदा. पण कन्फेशनमध्ये ऐकलेलं धर्मगुरूला कुणालाही सांगता येत नाही. १९८३ च्या कॅनन संहितेतलं, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्यातलं, ९८३वं कलम हे बंधन घालतं आणि ९८४वं कलम कबुली देणाऱ्याला अपाय होईल असा त्या माहितीचा वापरसुद्धा मना करतं. म्हणजे आईला बाजूला घेऊन "मुलीकडे लक्ष द्या" एवढंही म्हणायची सोय नाही. मला सांगायची नाही, डॉक्टरला तर नाहीच.

बरेच महिने फादरांनी कोणीही मायाळू माणूस करील तेच केलं. धीर दिला. "बाय, हे पाप नाही. देवाने माफ केलंय, शांतपणे जा." ती हलकी होऊन बाहेर पडायची. चर्चच्या फाटकापर्यंत ते टिकायचं. मग विचार यायचा, मी सगळं नीट सांगितलं का? फादरांना पूर्ण कळलं का? या आजारात धीराचा शब्द दारूच्या घोटासारखा काम करतो. घटकाभर बरं वाटतं आणि पुढच्या खेपेला जास्त लागतो. फादर जितके प्रेमळ, तितकी तिची रांगेतली खेप वाढत गेली.

मग एका शनिवारी त्यांनी जाळीपलीकडून तिला सांगितलं, "मला इथून बाहेर काही बोलता येत नाही. तुला वाटलं तर सोमवारी ऑफिसात येऊन भेट. तिथे तू स्वतः जे सांगशील तेवढंच मला ठाऊक असेल." हे तिनेच मला सांगितलं. फादरांनी आजतागायत त्यातलं अक्षर काढलेलं नाही.

ती सोमवारी आली नाही. पुढच्याही नाही. आली ती तीन-चार आठवड्यांनी, धाकट्या बहिणीला घेऊन. फादरांनी ऐकून घेतलं आणि तिच्यासमोरच मला बोलावलं.

समोरचे पर्याय

एक, काहीच न करता ईस्टरआधीचा उपवासकाळ संपेपर्यंत थांबायचं. राखेच्या बुधवारापासून तिचा त्रास वाढतो, ईस्टरनंतर उतरतो, असा घरच्यांचा अनुभव होता. मला हे पटलं नाही. "मी नसते तर" हे वाक्य बोलून झालं होतं. मी तिला सरळ विचारलं, जीव द्यायचा विचार येतो का, काही ठरवलं आहे का. असं विचारल्याने विचार डोक्यात घातला जातो ही समजूत चुकीची आहे. ती म्हणाली, मरावंसं वाटतं, पण काही ठरवलेलं नाही. त्याच दिवशी १४४१६ हा टेली मानसचा नंबर तिच्या आणि बहिणीच्या फोनमध्ये सेव्ह केला. मानसिक त्रासात मदतीसाठीचा हा सरकारी नंबर ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

दोन, ख्रिस्ती समुपदेशक शोधायचा. आईची हीच अट होती: "दुसऱ्या धर्माचा माणूस तिला देवापासून तोडेल." अट समजण्यासारखी होती. पण जे समुपदेशक मिळत होते ते सत्राच्या शेवटी बरोबर प्रार्थना करणारे, वचन देणारे. दुःखाने खचलेल्या माणसाला त्याचा आधार होतो. हिच्या बाबतीत ती धीर देण्याची आणखी एक खिडकी उघडली असती. शिवाय त्यांच्यापैकी कोणालाही या आजाराचं खास प्रशिक्षण नव्हतं.

तीन, महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयातली मानसोपचार ओपीडी. खर्च नाममात्र, डॉक्टर जाणकार, पण गर्दी इतकी की दर आठवड्याला तासभर बोलायला कोणी मिळणं कठीण.

चार, खासगी मानसशास्त्रज्ञ. एका सत्राचे दीड-दोन हजार. कंपनीच्या विम्याचा उपयोग झाला नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच विमा द्यायला सांगितलं आहे, पण तिच्या पॉलिसीत भरती झाल्याशिवाय काहीच मिळत नव्हतं, मग आजार मनाचा असो की शरीराचा.

ठरलं ते असं: निदान आणि औषध महापालिकेच्या रुग्णालयातून, थेरपी एका मराठी बोलणाऱ्या, या आजारावर काम केलेल्या मानसशास्त्रज्ञ बाईंकडे, त्यांनी फी कमी केली, आणि श्रद्धेबद्दलचा प्रत्येक प्रश्न फादरांकडे. बाई ख्रिस्ती नाहीत. आईला हे पचवायला फादरांनी घरी येऊन चहा घ्यावा लागला.

निदान

ओपीडीत पहिल्या भेटीत एका निवासी डॉक्टरने सल्ला दिला, "चर्चला जाणं थोडं कमी करा, बरं वाटेल." ती उठून बाहेर आली. आईच्या मनातली भीती त्या एका वाक्याने खरी ठरवली. दुसऱ्या खेपेला मी बरोबर गेले. वरिष्ठ डॉक्टर बाईंनी चर्चबद्दल एक शब्द काढला नाही. विचारलं ते एवढंच: "तुझ्या चर्चमधल्या इतर भाविक बायका किती वेळा कन्फेशनला जातात? रोझरीला त्यांना किती वेळ लागतो?" तिने उत्तर दिलं आणि स्वतःच गप्प झाली. तुलना चर्चच्या आतलीच होती, त्यामुळे ती तिला नाकारता येईना.

निदान ओसीडी, म्हणजे मंत्रचळ, धार्मिक विचारांभोवती फिरणारा. ४० गुणांच्या प्रमाणित मोजणीत ती २८ वर होती, म्हणजे तीव्र गटात. थायरॉईड आणि हिमोग्लोबिन तपासून घेतलं. सर्ट्रालीन हे औषध छोट्या डोसने सुरू झालं. या आजारात डोस बहुधा नैराश्यापेक्षा जास्त लागतो आणि फरक कळायला दहा-बारा आठवडे जाऊ शकतात, हे डॉक्टरांनी आईलाही बसवून सांगितलं. झोपेची गोळी हळूहळू कमी करत बंद केली.

प्रोटेस्टंट घरांत कन्फेशनची जाळी नसते, पण हाच आजार तिथेही दिसतो. "माझं तारण खरंच झालंय ना" म्हणून दर सभेत पुन्हा पुढे जाऊन गुडघे टेकणारा तरुण मी पाहिला आहे.

श्रद्धा कुठली, आजार कुठला

या आजारावर औषधाइतकीच उपयोगी ठरलेली पद्धत म्हणजे भीती वाटते त्या गोष्टीला सामोरं जायचं आणि नंतरचा नेम करायचा नाही. लंडनमध्ये मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये अशा उपचाराचे पहिले अनुभव छापले. हात धुण्याच्या मंत्रचळात हे सोपं दिसतं: नळाला हात लाव आणि धुऊ नकोस. पण जिथे नेम म्हणजे प्रार्थना आणि संस्कार, तिथे 'करू नकोस' म्हणायचा अधिकार कोणाचा?

मानसशास्त्रज्ञ बाईंनी तो आपल्याकडे घेतला नाही. आमच्या केंद्रात तिघांची बैठक झाली: त्या, फादर आणि ती मुलगी. कन्फेशनमधलं काहीही तिथे आलं नाही. ती जे सांगेल त्यावरच बोलणं. बाईंनी पायऱ्यांची यादी आणली होती, फादर एकेका पायरीवर हो-नाही म्हणत गेले. कम्युनियनआधी तासाभरात पाणी पिऊन जायचं? हो, नियमातच आहे. तळहात न बघता खाली करायचा? हो. रोझरी मन भरकटलं तरी एकदाच? हो. रविवारची मिस्सा मुद्दाम चुकवायची? नाही. वाईट शब्द मुद्दाम मनात आणून कम्युनियनला जायचं? फादर नाही म्हणाले आणि मुलगी पांढरीफटक पडली. बाईंनी ती पायरी खोडली. त्याऐवजी लिहिलं: शब्द आपोआप आला तर ढकलायचा नाही, येऊ द्यायचा, आणि रांगेत चालत राहायचं. माझ्या मते सगळा उपचार या खोडण्यावर उभा राहिला. मुलीला दिसलं की इथे कोणी तिचा देव काढून घ्यायला बसलेलं नाही.

पुढे अडलं ते 'खात्री'वर. बाई म्हणायच्या, "कदाचित पाप झालं असेल, कदाचित नसेल, एवढ्यावर राहायला शीक." मुलीला ही नास्तिकांची भाषा वाटायची. तेव्हा फादरांनी सांगितलं की आपल्यावर कृपा आहेच अशी चूक न होणारी खात्री कोणालाही असू शकत नाही, असं कॅथलिक चर्चच्या ट्रेन्टच्या धर्मपरिषदेनेच १५४७ मध्ये म्हटलं आहे. चर्च आशा ठेवायला सांगतं, खात्रीची पावती मागत नाही. मोठं पाप व्हायला गंभीर बाब, पूर्ण जाणीव आणि राजीखुशीची संमती हे तिन्ही लागतं. नको असताना डोक्यात घुसलेल्या शब्दाला संमती कुठली?

त्यांनी लोयोलाच्या संत इग्नेशियसचं उदाहरणही दिलं. १५२२ च्या सुमारास मान्रेसा गावी इग्नेशियस याच छळात होते, जीव देण्याच्या विचारापर्यंत गेले होते. त्यांचं कन्फेशन ऐकणाऱ्या धर्मगुरूने आज्ञा केली, जुन्या पापांपैकी अगदी स्पष्ट असेल तेच सांग. उपयोग झाला नाही, कारण त्यांना सगळंच स्पष्ट वाटायचं. हे ऐकून मानसशास्त्रज्ञ बाई म्हणाल्या, "म्हणूनच नियम तिच्या निवाड्यावर ठेवायचा नाही." मग नियम असा झाला: महिन्यातून एकदा, याच फादरांकडे, पहिल्या शनिवारी, यादी न बघता. सांगितलेलं पुन्हा नाही. पाप आहे की नाही अशी शंका असेल तर ते सांगायचंच नाही. आणि फादरांनीही "माफ झालं ना?" या प्रश्नाला उत्तर द्यायचं नाही.

एक्सेल शीट पुसायला मात्र फार वेळ गेला. फोनमधली पुसली तर ड्राइव्हवर निघाली, तिथली पुसली तर ऑफिसच्या मेलवर स्वतःलाच पाठवलेली सापडली.

टाळेबंदीचा बाईंनी चांगला उपयोग केला. मार्च २०२० मध्ये चर्चं बंद झाली आणि राज्यातली प्रार्थनास्थळं नोव्हेंबरात उघडली. तेवढे महिने कन्फेशन जवळजवळ अशक्य. "तेव्हा काय झालं होतं?" तिने आठवून सांगितलं: पहिले काही आठवडे नरक, मग हळूहळू कमी झालं. चर्च उघडल्यावर पुन्हा चढलं. हा उपचार एकदा नकळत होऊन गेला होता आणि लागूही पडला होता, हे तिच्याच तोंडून निघालं.

घरातली आघाडी

मे महिन्यात अंगणात मिरच्या वाळत होत्या, आई मसाला भाजत होती आणि ही तिच्या पाठीशी उभी राहून विचारत होती, "आई, मघाशी मी आजीला वाईट बोलले का?" "नाही." "नक्की?" "नाही गं." "तुला ऐकू आलं होतं ना नीट?" मी ओसरीवर बसले होते. आईचा हात थांबला, मसाला करपायला लागला, तरी प्रश्न संपेनात.

आईने आता म्हणायचं होतं, "याचं उत्तर मी देणार नाही, का ते तुला माहीत आहे." आई म्हणाली, "लेकरू रडतंय आणि मी तोंड फिरवू?" तिला हे सर्वात जड गेलं. वडिलांना लवकर जमलं. ते तसेही कमी बोलतात. आजी शेवटपर्यंत नियम मोडत राहिली. सगळे झोपले की नातीच्या कानात सांगायची, "देव माफ करतो बाय, झोप आता." बाईंना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, आजीला सोडून द्या. मलाही ते बरोबर वाटलं.

जिथे गाडी अडली

चौथ्या महिन्यात फरक दिसायला लागला आणि मावशी तिला शहराबाहेरच्या एका रिट्रीटला, म्हणजे प्रार्थना शिबिराला, घेऊन गेली. तिथे कोणीतरी व्यासपीठावरून सांगितलं, विश्वास असेल तर गोळ्या सोडा. तिने सोडल्या, कोणाला न सांगता. काही दिवसांत चक्कर, मळमळ, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं. या गोळ्यांचं व्यसन लागत नाही, पण त्या एकदम तोडायच्याही नसतात. तिला वाटलं ही देवाची शिक्षा. पुढच्या शनिवारी ती पुन्हा तीन चर्चं फिरून आली.

डॉक्टरांनी रागावणं टाळलं आणि गोळी पुन्हा सुरू केली. रविवारी फादरांनी प्रवचनात, कोणाचा उल्लेख न करता, बायबलमधल्या बेन सिराच्या पुस्तकाच्या ३८व्या अध्यायातलं वाचलं: वैद्याला मान द्या, प्रभूनेच औषधं जमिनीतून निर्माण केली आहेत. मग स्वतः रक्तदाबाची गोळी रोज घेतात हेही सांगून टाकलं. मिस्सानंतर दोन बायका माझ्याकडे येऊन हळूच ओपीडीचे वार विचारून गेल्या.

आज

दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं म्हणतात, तसंच झालं. वर्षभराने मोजणी १३ वर आली. रोझरी अर्ध्या तासात होते. विचार येतात, ती त्यांना "आला का परत" म्हणते. उपवासकाळात अजून चढ येतो, तेव्हा बाईंकडची सत्रं वाढवतात. गोळी चालू आहे. कॉयरमध्ये ती परतली नाही. शेजारच्या चर्चमध्ये गाते.

मध्यंतरी एक सोयरीक आली. सांगायचं की लपवायचं यावर घरात दोन तट पडले. तिने मुलाला स्वतःच सांगितलं. ते जुळलं नाही. कारण हेच होतं की दुसरं काही, तिकडून कोणी बोललं नाही. आई अजून म्हणते, सांगायला नको होतं. मुलगी म्हणते, पुन्हा सांगेन.

वेगळं काय करता आलं असतं

धर्मशिक्षणाच्या वर्गात आजार पकडता आला असता. तोच प्रश्न दहाव्यांदा विचारणारं पोर भाविक आहे म्हणून सोडून द्यायचं नसतं. उत्तर मिळूनही त्याचं समाधान का होत नाही, हे घरी विचारायला हवं. आम्ही आता दृढीकरणाच्या शिक्षकांना वर्षातून एकदा हे समजावतो.

फादरांनी ऑफिसात भेटायचं आमंत्रण वर्षभर आधी दिलं असतं तर? मला ते शक्य वाटतं. गुप्ततेचा नियम तोंड बांधतो, पण कन्फेशनच्या आत त्याच मुलीला "हे दुखणं असू शकतं, डॉक्टरला दाखव" म्हणायला काहीच आडकाठी नव्हती. फादरांचं यावर थोडं वेगळं मत आहे: लवकर बोललो असतो तर ती दुसऱ्या चर्चला गेली असती. तेही खोटं नाही.

व्हॉट्सॲपवरचा निरोप टाळता आला असता. कायद्याने उपचार करणारे गुप्तता पाळायला बांधलेले आहेत. महिला मंडळ नाही. आता आमच्याकडे प्रार्थनेची विनंती नाव आणि कारण न लिहिता घेतात. "एका कुटुंबासाठी" एवढंच.

त्या निवासी डॉक्टरबद्दल मला फार राग नाही. दिवसाला शेकडो रुग्ण बघणाऱ्या पोराला कन्फेशन म्हणजे काय ते कुठून ठाऊक असणार? पण "कमी जा" म्हणण्याआधी "इतर लोक किती जातात?" हा एक प्रश्न विचारला असता तर एक खेप वाचली असती, आणि कदाचित मावशीचं रिट्रीटही.

एक गोष्ट अजून लटकलेली आहे. फादरांची बदली यंदा होणार. धर्मगुरू काही वर्षांनी बदलतात, ते ठरलेलंच असतं. इथे मात्र सगळा नियम 'याच फादरांकडे' वर बांधलेला आहे. मानसशास्त्रज्ञ बाईंचं म्हणणं, नव्या फादरांना कोणी आधी जाऊन काही सांगू नये. मुलीने पहिल्या कन्फेशनमध्ये स्वतः सांगावं: मला हा आजार आहे, मी महिन्यातून एकदाच येते, मी पुन्हा विचारलं तर उत्तर देऊ नका. जुने फादर म्हणतात, ती तयार असेल तर जाण्याआधी तिघांनी एकत्र बसावं. मुलीने अजून ठरवलेलं नाही. तोवर पहिला शनिवार चालू आहे.